नसांचं दुखणं आणि स्टेम सेल : तुमची पत्रं, माझी उत्तरं

मागच्या अंकात शुगरच्या पायांवर थोडंसं लिहिलं होतं, तर या महिन्यात पत्रांचा ढीगच आला आणि त्यातली अर्ध्याहून जास्त एकाच गोष्टीबद्दल, नसांच्या दुखण्यावर स्टेम सेल, म्हणजे ज्यांच्यापासून दुसऱ्या पेशी तयार होऊ शकतात अशा मूळ पेशी, घेऊ का. म्हणून या वेळी बाकीचे प्रश्न मागे ठेवलेत. थायरॉइडबद्दल ज्या दोघींनी लिहिलंय त्यांना पुढच्या अंकात नक्की उत्तर देते. नावं कुणाचीच छापत नाही, गाव तेवढं ठेवलंय.

प्रश्न : डॉक्टरबाई, माझे बाबा 67 वर्षांचे, शुगर 18 वर्षांपासून. आधी खाणीवर ट्रक चालवायचे. गेली दोन वर्षं रात्री पाय असे जळतात की झोपेतून उठून पडवीतल्या थंड लादीवर पाय टेकून बसतात, "पांयांक उजो लागला रे" म्हणतात. चादर टेकली तरी सोसत नाही. गोळ्या घेऊन झाल्या, फरक नाही. एका मोठ्या शहरातल्या क्लिनिकने सांगितलंय की चरबीतून स्टेम सेल काढून तीन वेळा सलाइनमधून सोडतो, नस नवीन होईल, साडेचार लाख. आई म्हणते दागिने गहाण ठेवू पण चवथीआधी करून टाकूया. प्रिस्क्रिप्शनचे फोटो पाठवतोय. काय करू? – वाचक, सांखळी

उत्तर : दागिने ठेवू नका. हे आधी सांगते, बाकीचं सावकाश वाचलं तरी चालेल.

थंड लादीवर पाय टेकणं, चादर न सोसणं, रात्री वाढणं, ही नसांच्या दुखण्याची ठरलेली लक्षणं आहेत. बाहेरून काहीच दिसत नाही, त्यामुळे घरातल्यांनाही कधी कधी वाटतं की वयामुळे कुरकुर चाललीय. तुमच्या पत्रात तसा एक शब्दही नाही, ते वाचून खूप बरं वाटलं. आणि तुमचं एकट्याचं घर नाही हे, 2023 मध्ये आयसीएमआरचा, म्हणजे सरकारी वैद्यकीय संशोधन परिषदेचा, देशभरातला मोठा अभ्यास छापून आला त्यात मधुमेहाचं प्रमाण सगळ्यात जास्त आपल्या गोव्यात निघालं, 26.4 टक्के, देशाचं 11.4. म्हणजे चारातल्या एका मोठ्या माणसाला शुगर. क्लिनिकवाल्यांनाही हे ठाऊक आहेच.

आता त्यांचं बोलणं तपासून बघू. शुगरने आधी सगळ्यात लांब नसा बिघडतात. कमरेतून निघून पायाच्या बोटापर्यंत जाणारी नस जवळपास मीटरभर असते, म्हणून त्रास बोटांपासून सुरू होतो आणि मोजा चढवावा तसा वर सरकतो. तुटलेली नस परत वाढते ती दिवसाला साधारण एक मिलिमीटर, तेही सगळं नीट असेल तर. बाबांची नस तुटलेली नाही, टोकाकडून सुकत आलीय, पण वाढायचा वेग काही त्याहून जास्त होत नाही आणि शुगर चढलेली असेल तर आणखी मंदावतो. मग तीन सलाइनमध्ये नस नवीन कशी होईल? शिवाय हाताच्या शिरेतून सोडलेल्या पेशी आधी कुठे जातात, तर फुप्फुसात, कारण शिरेतलं रक्त हृदयातून पहिलं तिथेच जातं, आणि तिथल्या केसाहून बारीक रक्तवाहिन्यांत त्यातल्या बऱ्याचशा अडकून राहतात. पायाच्या बोटापर्यंत जाऊन तिथे नस तयार करणं हे त्यांच्याकडून होत नाही.

मग यात काहीच नाही का, तर तसंही नाही, संशोधन खरंच चाललंय आणि मला त्याबद्दल आशाही आहे. चरबीतून किंवा हाडातल्या मगजातून ज्या पेशी काढतात त्यांना मेझेन्कायमल स्टेम सेल म्हणतात. हे नाव 1991 मध्ये अर्नल्ड कॅप्लन या अमेरिकन शास्त्रज्ञाने रूढ केलं, आणि त्याच कॅप्लनने 2017 मध्ये लिहिलं की हे नाव आता बदला, कारण या पेशी शरीरात जाऊन नवीन अवयव बनवत नाहीत, त्या रसायनं सोडून आजूबाजूच्या पेशींना काम करायला लावतात, आणि 'स्टेम सेल' म्हटल्यामुळे पेशंटची दिशाभूल होते. ज्याने नाव ठेवलं तोच हे म्हणतोय, हे माझ्या मते फार मोठं आहे. नसेजवळची सूज या रसायनांनी कमी होऊन दुखणं उतरेल अशी कल्पना आहे. उंदरांवर प्रयोग भरपूर झालेत, मांडीतली नस दोऱ्याने सैल बांधतात, काही दिवसांत पाऊल इतकं हळवं होतं की नायलॉनचा बारीक धागा टेकवला तरी उंदीर पाय ओढून घेतो, मग पेशी देतात आणि बघतात की धागा किती जाड झाला की पाय ओढतो. बऱ्याच प्रयोगांत फरक दिसलाय. पण त्या उंदराचं दुखणं काही आठवड्यांचं, बाबांचं दोन वर्षांचं आणि त्यामागे 18 वर्षांची शुगर.

माणसांवरचं सांगायचं तर ऑस्ट्रेलियात 2014 मध्ये चेहऱ्याच्या नसेच्या दुखण्यावर चरबीतल्या पेशींचा एक छोटा अभ्यास झाला, दहा पेशंट, आणि सहा महिन्यांनी त्यातल्या बऱ्याच जणांचं दुखणं कमी झालेलं होतं. छान वाटतं वाचायला, पण तुलनेला दुसरा गटच नव्हता, म्हणजे नुसतं मिठाचं पाणी टोचलं असतं तर किती जणांना बरं वाटलं असतं ते कळायला मार्ग नाही, आणि दुखण्याच्या बाबतीत तो आकडा कधीच शून्य नसतो. अशा दहा पेशंटच्या अभ्यासावरून मी स्वतःच्या वडिलांना घेऊन गेले नसते.

आपल्याकडचा नियमही स्पष्ट आहे. आयसीएमआर आणि जैवतंत्रज्ञान विभागाची 2017 ची मार्गदर्शक तत्त्वं सांगतात की रक्ताच्या ठरावीक आजारांसाठी होणारा बोन मॅरो ट्रान्सप्लांट, म्हणजे हाडातल्या मगजाचं रोपण, जो आपल्या देशात टाटा हॉस्पिटलमध्ये 1983 पासून होतोय, तेवढाच उपचार म्हणून मान्य, बाकी सगळं फक्त मंजूर ट्रायलमध्ये, म्हणजे माणसांवरच्या चाचणीत. नंतर गुडघ्याची झीज आणि बुर्गर्ससारखे पायांच्या रक्तवाहिन्या बंद होण्याचे आजार यांसाठी एका तयार उत्पादनाला औषध नियंत्रकांची परवानगी मिळालीय, पण ती त्या आजारांपुरती, पायांच्या आगीसाठी नाही.

ट्रायल असेल तर पेशंटकडून पैसे घेत नाहीत. हे एक वाक्य आईला वाचून दाखवा. उलट ट्रायलमुळे इजा झाली तर मोफत उपचार आणि भरपाई द्यावी लागते, 2019 च्या नियमांत ते आहे. आणि क्लिनिकवाल्यांनी रजिस्ट्रीचा, म्हणजे ट्रायलच्या नोंदवहीचा, नंबर दाखवला, "बघा, आमची नोंद आहे", तर तेवढ्यावर जाऊ नका. अमेरिकेत फ्लोरिडात तीन बायकांच्या डोळ्यांत चरबीतल्या पेशींची इंजेक्शनं दिली गेली, दोन्ही डोळ्यांत एकाच दिवशी, प्रत्येकीने 5000 डॉलर भरले आणि तिघींची नजर गेली. 2017 मध्ये ते प्रकरण मोठ्या मेडिकल जर्नलमध्ये आलं. त्या प्रकाराची तिथल्या सरकारी ट्रायल रजिस्ट्रीत नोंद होती! नोंद करणं आणि मंजुरी मिळणं वेगळं आहे. म्हणून नंबर विचारा, एथिक्स कमिटीचं आणि औषध नियंत्रकांचं पत्र मागा, आणि सगळ्यात आधी विचारा की पैसे का घेताय.

आता ज्याच्यावर मला खरं जास्त बोलायचंय. तुम्ही लिहिलंत की गोळ्या घेऊन झाल्या. फोटो नीट बघितले. प्रीगॅबॅलिन 75, रात्री एक, बारा दिवस. मग दुसऱ्या डॉक्टरांची चिठ्ठी, वेगळ्या कंपनीचं नाव, आत तेच प्रीगॅबॅलिन 75. मग व्हिटॅमिन. म्हणजे सगळी मिळून एकच गोळी, अगदी खालच्या डोसमध्ये, आणि तीही मधेच सुटलेली. याला उपचार फसला असं मी म्हणणार नाही, तो अजून सुरूच झाला नाही. या गोळ्यांचा डोस हळूहळू वाढवायचा असतो, किडनीचा रिपोर्ट बघून, आणि पुरेशा डोसवर निदान महिनाभर तरी थांबायचं असतं. झोप येते, पाय सुजतात, म्हणून माणसं सोडतात, ते समजतं मला, पण मग गोळी बदलायची असते. ड्युलॉक्सेटिन आहे, ॲमिट्रिप्टिलिन, नॉरट्रिप्टिलिन आहे, हृदयाचा किंवा प्रोस्टेटचा त्रास असेल तर शेवटच्या दोन जपून. एकीने अर्धाच फरक पडला तर दुसरी जोडीला देता येते.

खोटी आशा मीही देत नाही. 2015 मध्ये जगभरातल्या ट्रायल एकत्र करून हिशेब मांडला गेला, त्यात औषध नसलेल्या साध्या गोळीपेक्षा जास्तीचा मोठा आराम, म्हणजे दुखणं साधारण निम्म्यावर येणं, हा प्रीगॅबॅलिनने आठातल्या एकाला, ड्युलॉक्सेटिनच्या जातीच्या गोळ्यांनी सहा-सातातल्या एकाला आणि ॲमिट्रिप्टिलिनच्या जातीच्या गोळ्यांनी चारातल्या एकाला मिळाला. आकडे फार मोठे नाहीत, म्हणूनच एकीवर न थांबता दुसरी, तिसरी बघायची असते.

बाबा मेटफॉर्मिन बरीच वर्षं घेत असतील तर बी-12 तपासा, त्या गोळीने ते कमी होतं आणि बी-12 कमी असलं तरी पाय असेच जळतात, आणि ते भरून काढणं फारसं महाग नाही. रोज संध्याकाळी थोडी घ्यायची सवय असेल तर तेही डॉक्टरांना मोकळेपणी सांगा, दारूनेही नसा जातात.

आणि पाय रोज बघा. हे मी हात जोडून सांगते. जळणारं पाऊल बधिरही असतं, हे लोकांच्या लक्षातच येत नाही. आम्ही पेशंटला डोळे मिटायला सांगतो आणि नायलॉनचा धागा तळव्याला टेकवून कळतं का ते बघतो, वर उंदरांचा सांगितला ना, त्याच जातीचा. काणकोणकडचा एक मासेमार होता, रात्रभर पायांच्या आगीने तळमळायचा, आणि मी धागा टेकवायला पाऊल वर उचललं तर टाचेत गळाचा तुकडा, चपलेतून आरपार रुतलेला, भोवती पू. किती दिवसांचा ते त्याला सांगता येईना. म्हणून देवळात पालखीच्या वेळी उन्हातल्या डांबरावर अनवाणी चालू देऊ नका, देव रागावत नाही. पाय गरम पाण्यात बुडवू नका, थंड पाण्याच्या बालदीतही तासन्‌तास नको, बोटांच्या बेचक्यांत चिरा पडतात. शुगर, किडनी, बी-12 चे रिपोर्ट घेऊन बांबोळीच्या सरकारी मेडिकल कॉलेजात दाखवा, आणि जुन्या चिठ्ठ्या सगळ्या बरोबर न्या, तुम्ही जपून ठेवल्यात ते फार चांगलं केलंत.

प्रश्न : मला वर्षापूर्वी छातीवर उजव्या बाजूला नागीण झाली. काव लावला, गावातल्या माणसाकडून उतरवून घेतली, फोड गेले पण दुखणं राहिलं, ब्लाउजचं कापड लागलं तरी जीव जातो. स्टेम सेलने जाईल का? वय 61. – वाचक, पेडणे

उत्तर : काकी, नागीण म्हणजे लहानपणी आलेल्या कांजिण्यांचाच विषाणू. तो नसेच्या मुळाशी वर्षानुवर्षं झोपलेला असतो आणि वय झालं की एका नसेतून बाहेर येतो. म्हणून ती एकाच बाजूला पट्ट्यासारखी येते, आणि दोन टोकं जुळली की माणूस मरतो हे खरं नाही. जाताना ती नस जाळून जाते, ते तुमचं आताचं दुखणं. त्यावर स्टेम सेलचा सिद्ध झालेला उपचार नाही. वर सांगितलेल्याच गोळ्या इथेही चालतात, शिवाय लिडोकेनचा पट्टा कापडाखाली लावता येतो, आणि कॅप्सेसिनचं मलम आहे, म्हणजे मिरचीतला तिखटपणाच, आधी जळतं, मग तिथल्या नसेची टोकं हळूहळू गप्प होतात. लावल्यावर हात नीट धुवा, डोळ्याला लागला तर काय होतं ते मिरच्या वाटणाऱ्या बाईला मी काय सांगायचं.

घरात दुसऱ्या कुणाला नागीण उठली तर काव नंतर, आधी डॉक्टर, विषाणूची गोळी पहिल्या 72 तासांत सुरू झाली तर सगळ्यात जास्त उपयोगी पडते. 50 च्या पुढच्यांसाठी लस 2023 पासून आपल्याकडे मिळते, दोन डोस, महाग आहे. आहे ते दुखणं ती घालवत नाही, पुढची नागीण टाळते.

प्रश्न : मुलीच्या जन्माच्या वेळी नाळेतलं रक्त प्रायव्हेट बँकेत ठेवलंय, दरवर्षी पैसे भरतो. सासूबाईंना गालात करंट मारल्यासारखं होतं, ब्रश केला, वारा लागला तरी किंचाळतात, दोन दाढा काढून झाल्या. नातीच्या पेशी आजीला देता येतील का? – वाचक, फोंडा

उत्तर : नाही. नाळेतल्या रक्तात मुख्यतः रक्त बनवणाऱ्या पेशी असतात. 1988 मध्ये पॅरिसमध्ये फॅन्कोनी ॲनिमिया झालेल्या एका मुलाला बहिणीच्या नाळेतलं रक्त देऊन बरं केलं, तिथून हा उपचार सुरू झाला, पण तो रक्ताच्या आजारांसाठी. स्वतःच्या कुटुंबासाठी विमा म्हणून पैसे भरून नाळेचं रक्त ठेवायला आयसीएमआरही शिफारस करत नाही, पुढचा हप्ता भरायचा का ते तुम्ही ठरवा.

पण सासूबाईंना आधी मदत हवी, आणि यात आनंदाची गोष्ट ही की त्यांच्या दुखण्यावर चांगला उपचार आहे. हे ट्रायजेमिनल न्यूराल्जिया, म्हणजे चेहऱ्याच्या नसेचं दुखणं, वाटतंय. कितीतरी लोक यात चांगल्या दाढा काढून घेतात, तिसरी काढू देऊ नका. कार्बामॅझेपिन या जुन्या, स्वस्त गोळीने बहुतेकांना सुरुवातीला छान आराम पडतो, डॉक्टरांच्या देखरेखीखाली आणि अंगावर पुरळ उठलं तर त्याच दिवशी गोळी थांबवून धाव घ्यायची. एमआरआयमध्ये रक्तवाहिनी नसेला घासताना दिसली तर न्यूरोसर्जन मधे टेफ्लॉनचा छोटा तुकडा ठेवून दोन्ही वेगळ्या करतात, आणि कित्येकांचं दुखणं वर्षानुवर्षं जातं. न्यूरॉलॉजीला या आठवड्यातच दाखवा.

प्रश्न : पीआरपी म्हणजेच स्टेम सेल ना? आमच्या इथे केस गळतीलाही देतात. – वाचक, म्हापसा

उत्तर : नाही. पीआरपी म्हणजे तुमचंच रक्त यंत्रात फिरवून काढलेला प्लेटलेटचा भाग. त्याला स्टेम सेल म्हणून कुणी पैसे मागत असेल तर तिथून उठून या.

प्रश्न : मी 58 वर्षांची, शिक्षिका होते. कमरेच्या ऑपरेशननंतर डाव्या पायात करंट राहिला. गेल्या वर्षी गोव्याबाहेर स्टेम सेल घेतलं, कमरेच्या हाडातून काढून मणक्यात इंजेक्शन, तीन लाख. खरं सांगते, तीन महिने पाय शांत होता, शिगम्याची मिरवणूक बघायला चालत गेले. मग परत तेच. आता ते म्हणतात बूस्टर घ्या, एक लाख ऐंशी हजार. घरचे म्हणतात तुला फसवलं. मला बरं वाटलं होतं ते खोटं होतं का? – वाचक, मडगाव

उत्तर : बाई, खोटं नव्हतं. तुमचं पत्र मी तीनदा वाचलं. दुखणं कमी झालं म्हणजे झालं, ते दुसऱ्या कुणी ठरवायचं नसतं. प्रश्न एवढाच की ते कशाने कमी झालं.

पहिली शक्यता अशी की इंजेक्शनमध्ये पेशींबरोबर स्टिरॉइड आणि बधिर करायचं औषध होतं. तसं असेल तर काही आठवडे, कधी दोन-तीन महिने आराम पडतो, आणि ते इंजेक्शन पेन क्लिनिकमध्ये फारच कमी पैशांत मिळतं. दुसरी, नसांचं दुखणं भरती-ओहोटीसारखं असतं. माणूस लाखभर रुपये मोडायला निघतो तेव्हा भरती असते, त्यानंतर ओहोटी यायचीच असते, आणि श्रेय नुकत्याच घेतलेल्या उपचाराला जातं. तिसरी, आपला मेंदू स्वतः दुखणं दाबतो. 1978 मध्ये अमेरिकेत अक्कलदाढ काढलेल्या पेशंटना औषध नसलेलं इंजेक्शन दिलं, काहींना बरं वाटलं, मग अफूच्या जातीच्या औषधांवरचा उतारा नॅलोक्सोन दिला तर तो आराम निघून गेला. म्हणजे त्यांच्या शरीराने स्वतःच वेदनाशामक तयार केलं होतं. यात पेशंट भोळा असतो असं अजिबात नाही, मला झालं असतं तर मलाही तसंच बरं वाटलं असतं.

बूस्टर मात्र घेऊ नका. पहिल्याने पेशींचं काम केलं असा पुरावा नाही, आणि मणक्यात पुन्हा पुन्हा पेशी सोडणं निर्धोकही नाही. स्ट्रोक झालेल्या एका अमेरिकन माणसाने देशोदेशी जाऊन अशी इंजेक्शनं घेतली, त्याच्या मणक्यात गाठ वाढली आणि तपासल्यावर त्यातल्या पेशी त्याच्या स्वतःच्या नव्हत्याच, 2016 मध्ये छापून आलंय. तुम्हाला तुमच्याच हाडातून काढून दिल्या म्हणता, तरी डाव्या पायात जोर कमी वाटला, लघवीवरचा ताबा बदलला, कमरेत नवीन प्रकारचं दुखलं तर थांबू नका, लगेच एमआरआय.

घरच्यांना सांगा की तिला बोलू नका, मदत करा. मदत म्हणजे त्या क्लिनिककडून कागद आणा. डिस्चार्ज समरी, प्रोसिजर नोट, कुठलं औषध किती टोचलं, पेशी मोजल्या का, कुठल्या लॅबमध्ये. अर्ज लेखी द्या आणि पोच घ्या, पेशंटने मागितल्यावर 72 तासांत रेकॉर्ड देणं डॉक्टरांना बंधनकारक आहे, 2002 च्या नियमांपासून. त्यात स्टिरॉइड निघालं तर आपल्याला पुढची दिशा मिळेल, कारण मग कुठल्या नसेच्या मुळाशी दिलं होतं तेही कळेल आणि तिथे काय करता येईल ते पेन स्पेशालिस्ट बघू शकतात. तोवर चालणं सोडू नका, शिगम्याला गेलात तेवढं नाही, घरापासून कोपऱ्यापर्यंत, मग त्याच्या पुढच्या खांबापर्यंत, आणि मडगावच्या जिल्हा हॉस्पिटलातल्या फिजिओला एकदा चाल दाखवून या. कागद मिळाले की मासिकाच्या पत्त्यावर माझ्या नावाने पाठवा, झेरॉक्स पाठवा, मूळ प्रत स्वतःकडेच ठेवा.